रोज चालवण्याजोगी गाडी

१२ जानेवारी

अखेर गाडी आणली. आणली म्हणजे आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची छोटी पांढरी गाडी विक्रेत्याच्या दारात ठेवली आणि तिच्या बदल्यात ही घेऊन आलो. अमेरिकन आहे. वयाने माझ्याहून थोडीशीच लहान, रंगाने फिकट हिरवी, वर उघडता येणारं पांढरं कापडी छत. पुढची सीट सलग, दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी, तीन माणसं ऐसपैस बसतील. गिअरचा दांडा जमिनीतून येत नाही, स्टिअरिंगच्या खांबाला लटकतो. दारात उभी केली तर तोंड आमच्या दारात आणि शेपूट शेजाऱ्यांच्या दारात. शेजाऱ्यांनी त्यावर कपडे वाळत घालायचा विचार चालवलेला दिसतो.

विक्रेत्याने एकच वाक्य सांगितलं आणि मी विकला गेलो. म्हणाला, "सर, माझ्याकडच्या बाकीच्या जुन्या गाड्या रविवारच्या आहेत. ही शोभेची नाही. साधं सहा सिलिंडरचं इंजिन, काही नखरे नाहीत. रोज चालवा."

रोज चालवण्याजोगी म्हटल्यावर हौस आणि व्यवसाय एकाच दगडात साधले. नाहीतर काय करणार होतो? गल्लीच्या तोंडाशी आमच्या शिष्येने स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढल्यापासून माझ्याकडे माशा मारायचंच काम उरलं आहे. तिला पहिला क्लच मी दाबायला शिकवला. कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्याकडे तीन नव्याकोऱ्या गाड्या, मोबाइलवर वेळ ठरवायची सोय, सकाळी फक्त बायकांची बॅच. जे सगळ्यांकडे आहे ते तिच्याकडे आहे. तेव्हा आपल्याकडे जे कुणाकडेच नाही ते असलं पाहिजे. ह्या गाडीने माणसं ओढून आणली तर शाळा तरेल, नाहीतर पाटी उतरवावी लागेल हे मला कळतं. इथे लिहितो, बाहेर बोलत नाही.

ही बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण एवढंच विचारलं, "ताईला आणायला येईल ना ही?"

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. डोंगरापलीकडच्या गावात एकटी असते. मार्चमध्ये तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यानंतर ती आमच्याकडे राहायला यायची आहे. मी म्हणालो, "येईल म्हणजे? राणीसारखी येईल." ही बरं म्हणाली आणि आत गेली.

१५ जानेवारी

गॅरेजवाल्याने गाडीखाली अर्धा दिवस काढला आणि हात पुसत बाहेर आला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असावे लागतात. तो म्हणतो ह्या गाडीत ते बसणार नाहीत. बसवायचे तर अर्धी गाडी कापावी लागेल. मी म्हणालो, मग नको. नियम काय सांगतो ते मी मुद्दाम वाचलेलं नाही.

खरं सांगायचं तर मी गाडीत बसून आधी रिकाम्या जागी पाय दाबून बघितला. इतकी वर्षं माझा उजवा पाय माझ्या ब्रेकवर राहिला आहे. शिकणारा चुकला की तोंडातून शब्द निघायच्या आधी पाय दाबलेला असतो. घरी खुर्चीत बसून टीव्हीवर मोटारींचा पाठलाग बघतानासुद्धा माझा पाय जमिनीत रुततो, ही हसते. पण विचार केला की खऱ्या शिक्षकाला पेडल कशाला? आवाज हाच माझा ब्रेक.

२० जानेवारी

पहिला विद्यार्थी, बँकेतला कॅशिअर. सरळ, घाबरट, चष्म्याची काच पुन्हा पुन्हा पुसणारा.

ह्या गाडीचं स्टिअरिंग आमच्याकडच्या उलट्या बाजूला आहे, हे लिहायचं राहिलं. त्यामुळे जन्मभर शेजारी बसून ज्या चालकाच्या जागेचा मी हेवा केला, त्या जागी मी बसलो, आणि समोर स्टिअरिंगच नाही. लोकांना ते कुठे माहीत? रस्त्यातून जाताना ओळखीचे मला हात करत होते. मीही दोन्ही हातांनी नमस्कार केला. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याने चालकाचे दोन्ही हात जोडलेले बघितले आणि तो भाजीवाल्याच्या टोपल्यांत गेला.

चौकात पोलिसाने माझ्याकडे येऊन लायसन्स मागितलं. मी दाखवलं. त्याने ते नीट बघितलं, मला सलाम केला आणि गाडी जाऊ दिली. कॅशिअरकडे त्याने बघितलंही नाही.

छत उघडं होतं. मी ते मुद्दाम उघडं ठेवलं, जाहिरात म्हणून. त्याचा एक परिणाम माझ्या ध्यानात आला नव्हता. बंद गाडीत शिकणाऱ्याचा मास्तर एकच असतो. उघड्या गाडीत अख्खा रस्ता मास्तर होतो. सिग्नलला शेजारी बस उभी राहिली. कंडक्टर खिडकीतून वाकून म्हणाला, "दादा, पहिला टाका, पहिला. तो तिसरा आहे." बसमधल्या एका आजोबांचं मत पडलं की आधी दुसरा टाकावा, जुन्या गाड्यांना तेच मानवतं. त्यावर मागच्या सीटवरच्या बाईंचं आणि आजोबांचं वाजलं. दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. कॅशिअरचा चष्मा घामाने घसरला होता. माझा पाय जमिनीला दाबून दुखू लागला होता.

एकूण अनुभव उत्साहवर्धक.

२८ जानेवारी

हिच्या डाव्या गुडघ्याने डोकं वर काढलं आहे. आठवड्यातून तीन सकाळी व्यायामाला जाते. सपाट बूट घेतले आहेत. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? म्हणाली, "पाय हळू उचलायचा. एकदम सोडायचा नाही." योग्य सल्ला आहे. डॉक्टर बरा दिसतो.

ती व्यायामाला गेलेली असताना मी दुकानाच्या, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतल्या आमच्या शाळेच्या, पायरीवर उभा होतो. शिष्येची एक गाडी वळणावरून गेली. चालवणारी बाई डोक्याला रुमाल आणि डोळ्याला मोठा काळा चष्मा लावून, गोगलगाय बरी अशा वेगाने. पण वळायच्या आधी आरशात बघितलं, खांद्यावरून बघितलं, दिवा दिला, मग वळली. शेजारी शिष्या हाताची घडी घालून बसली होती. मनात म्हटलं, शिकवणी कोणाची? माझीच. आरसा, खांदा, दिवा, ह्या क्रमाने शिकवणारा ह्या शहरात मी एकटा होतो. त्या बाईला माहीतही नसेल की ती कोणाच्या पुण्याईने वळली.

हिला मी कधी शिकवलं नाही. लग्नानंतर एकदा मैदानात नेलं होतं. तिने गाडी बंद पाडली, मी बोललो, ती खाली उतरली आणि घरापर्यंत चालत आली, मी मागून गाडीतून. तेव्हाच मी ठरवलं की हिचा हात त्यातला नाही. काही हात भाकरीचे असतात, काही स्टिअरिंगचे.

६ फेब्रुवारी

दुकानात माणसांची रीघ आहे. सकाळपासून पंधरा-वीस जण येऊन गेले. सगळ्यांना गाडीबरोबर फोटो हवा. एक जोडपं छायाचित्रकार घेऊन आलं, बोनेटवर बसलं, मग दार उघडून बसलं, मग दारावर बसलं. मुलीने विचारलं, "काका, तुम्ही थोडे बाजूला होता का?" मी माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभा होतो. बाजूला झालो.

त्यांतला एकही शिकायला आला नाही. उलट कॅशिअरने आज निरोप घेतला. फार नम्रपणे म्हणाला, "सर, राग मानू नका. मला गाडी शिकायची आहे. माझी मिरवणूक नको आहे." कुठे जाणार, विचारलं. त्याने चष्मा पुसला. पुरुषांसाठीही शिष्येने संध्याकाळची बॅच काढली आहे म्हणे.

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. फी मात्र असते आणि ती येत नाही.

उरल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. बाई खमक्या आहेत. पहिल्याच दिवशी सीटवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "मी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. तुम्ही सांगा, पण मोठ्याने सांगू नका." आता आवाज हाच ज्याचा ब्रेक, त्याने काय करावं?

१५ फेब्रुवारी

आज आभाळाने अवेळी दगा दिला. मुख्याध्यापिका बाई तलावाच्या रस्त्यावर गाडी चालवत होत्या. टपटप सुरू झाली म्हणून छताचं बटण दाबलं. छत उठलं, डोक्याच्या वर आलं आणि तिथेच अडलं. ना पुढे ना मागे, वर उभं राहिलं. वारा त्यात शिरला आणि त्याने गाडीची शिडाची होडी केली. बाईंनी गाडी थांबवली, मी बाहेर उतरून दोन्ही हातांनी छत मागे दाबून दुमडलं. मी आत बसतो तोच बाईंनी पर्समधून छत्री काढून स्वतःच्या डोक्यावर धरली आणि एका हाताने गाडी सुरू केली. मी ओरडलो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी. त्या म्हणाल्या, "मग छत्री तुम्ही धरा."

धरली. त्यांच्या डोक्यावर. अशा रीतीने शिक्षक विद्यार्थिनीवर छत्र धरून शहरातून गेला. शिष्येच्या दुकानासमोरून जाताना तिच्या बॅचच्या बायका काचेला नाक लावून बघत होत्या. त्यांत ही उभी असल्यासारखं मला वाटलं. पण डोळ्यांत पाणी गेलं होतं, आणि त्या वेळी ही व्यायामाला असते.

घरी आलो तर हिने टॉवेल तयार ठेवला होता. मी भिजून येणार हे हिला कसं कळलं, विचारलं. म्हणाली, "पाऊस पडतोय ना." बायकांचं लक्ष असतं.

गॅरेजवाला म्हणतो छताची मोटर जळली. भाग बाहेरून मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. तोवर छत उघडंच.

२१ फेब्रुवारी

आज हिला ताईकडे घेऊन जायचं होतं. ऑपरेशनआधीच्या तपासण्या. सकाळी गाडी सुरूच होईना. इंजिन खोकलं, हललं, गप्प झालं. मी बोनेट उघडून आत बघत राहिलो. आत बघितल्याने गाडी सुरू होत नाही हे मला ठाऊक आहे, पण बघितलं नाही तर लोकांना वाटतं मास्तरला काही कळत नाही.

ही साडी आवरून, पिशवी घेऊन पायरीवर उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मी बसने जाते." दोन बस बदलाव्या लागतात, दुसरीला उभं राहावं लागतं, आणि हिचा तो गुडघा. मी म्हणालो, थांब, होईल. ती म्हणाली, "अहो, मागच्या वेळीही होणार होतं." मागच्या वेळी तर छोटी गाडी होती. मग आठवलं की तेव्हा माझा एक विद्यार्थी अचानक आला होता. त्याच्या आधीच्या वेळी पेट्रोल. त्याच्या आधीचं आठवत नाही.

उन्हं उतरल्यावर आली. दमली होती. जेवायला वाढलं, भांडी घासली. मला वाटत होतं, बोलावं हिने. एकदा भांडून मोकळी झाली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि निभावलं असतं. गप्प बसलेल्या माणसाशी काय बोलायचं ते मला येत नाही. शिकवताना कधी तशी वेळच आली नाही.

भांडी घासताना तिचा डावा पाय फरशीवर दाबला जात होता आणि सावकाश वर येत होता. गुडघ्याचा व्यायाम मनापासून करते आहे.

२८ फेब्रुवारी

शिष्या दुकानात आली. चपला बाहेर काढून. माझ्याकडून शिकलेली ती एकच जुनी सवय. मी कपाळाला आठ्या घालून वर्तमानपत्र वाचत बसलो.

म्हणाली, "सर, संध्याकाळच्या बॅचला मला शिकवणारं माणूस मिळत नाही. तुम्ही याल का? गाड्या माझ्या, पद्धत तुमची. मी अजून तुमचीच वाक्यं बोलते."

मी म्हणालो, "कुठली वाक्यं?"

"क्लच म्हणजे झोपलेलं बाळ. हात काढायचा तर सावकाश."

हे माझंच. ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा राग आला. मी सांगितलं, "अजून माझी पाटी खाली उतरलेली नाही. गुरूची विद्या गुरूलाच विकायला आलीस?" ती म्हणाली, "विकत नाही सर, परत करते आहे." पोरगी बोलायलाही माझ्याकडूनच शिकली.

ही चहा घेऊन आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं तशी माणसं रोज भेटणाऱ्याकडे बघतात. शिष्या म्हणाली, "काकू, पाय कसा आहे?" ही म्हणाली, "आता थरथरत नाही." मग दोघी हसल्या. गुडघेदुखीत हसण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. आणि हिच्या गुडघ्याची बातमी त्या पोरीपर्यंत पोचली कशी? गल्लीत कुणाच्या घरातलं काही झाकून राहत नाही.

५ मार्च

गाडी सुरू झाली. हिला बाजारात घेऊन गेलो, मुद्दाम, लोकांनी बघावं म्हणून. बाजारातून निघताना ही शांतपणे म्हणाली, "आरशात बघितलंत का?"

मी गाडी थांबवली. ह्या शहरातली निम्मी माणसं माझ्याकडून आरशात बघायला शिकली आहेत. मी हिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच विचारलं." मागून एक टेम्पो येत होता, तो वाजवत वाजवत निघून गेला. टेम्पो होता हे खरं आहे.

पुढे चढावर मी ब्रेक सोडला आणि गाडी किंचित मागे गेली. ह्या गाडीचा हँडब्रेक डॅशबोर्डच्या खाली आहे, छत्रीच्या मुठीसारखा, ओढून पिरगाळायचा. त्याची अजून सवय नाही. ही खिडकीबाहेर बघत पुटपुटली, "आधी क्लच हळू उचलायचा, गाडी थरथरली की मग ब्रेक सोडायचा." मी तिला विचारलं, हे कुठे ऐकलंस? म्हणाली, "तुम्ही दिवसभर दुकानात ओरडता ते आत ऐकू येतं."

पाठांतर वेगळं, चालवणं वेगळं. पोपटालाही बोलता येतं.

१२ मार्च

उद्या दोन गोष्टी एका दिवशी आल्या आहेत. सकाळी मैदानावर मुख्याध्यापिका बाईंची लायसन्सची परीक्षा. त्या माझ्या एकुलत्या एक विद्यार्थिनी. त्या पास झाल्या तर बातमी पसरेल, नापास झाल्या तरी पसरेल, जरा जास्त. आणि दुपारी ताईला डोंगरापलीकडच्या इस्पितळातून सोडणार आहेत. ऑपरेशन परवा झालं. ही काल जाऊन आली, अर्थात बसने.

मी हिला सांगितलं, मैदानावरून आपण थेट इस्पितळात जाऊ. तू तयार राहा. ही म्हणाली, "मला सकाळी काम आहे. मीच येईन मैदानावर."

"आणि पोचेल ना गाडी?" तिने विचारलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या ताईला बसस्टॉपवर उभं करणार नाही, हे तिने मला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. आवाज चढला नव्हता. मी आयुष्यभर आवाज चढवून जे मिळवलं नाही ते तिला एका वाक्यात मिळालं. मी गाडीचं तेल, पाणी, हवा, सगळं दोनदा तपासलं.

१३ मार्च

सगळं क्रमाने लिहितो.

मैदान भरलेलं होतं. परीक्षक खुर्चीत, शेजारी ओळीने गाड्या. शिष्येच्या तीन पांढऱ्या, आमची एक हिरवी. आमच्या गाडीभोवती गर्दी जमली, परीक्षकांनी स्वतः येऊन तिच्या बोनेटवरून हात फिरवला आणि विचारलं, "रोज चालवता?" मी म्हणालो, हो. माझी छाती फुगलेली असतानाच बाईंचा नंबर पुकारला गेला.

मैदानात खांबांमधून इंग्रजी आठ आकड्यासारखी गाडी काढायची असते. खांब आमच्या गाडीच्या लांबीचा विचार करून रोवलेले नव्हते. पहिला खांब पडला. दुसरा वाकला. तिसऱ्याला बाईंनी वळसा घातला पण मागच्या बाजूने तो घेतलाच. प्रत्येक खांबाला मी बाहेर उभा राहून जमीन दाबत होतो. मग चढ आला. बाईंनी हँडब्रेकची ती छत्रीची मूठ ओढली, पिरगाळली, सोडली, आणि गाडी सावकाश, डौलात, मागे मागे येत परीक्षकांच्या खुर्चीपाशी थांबली. परीक्षक त्या वेळी खुर्चीत नव्हते.

बाई खाली उतरल्या, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "सर, नाचता येईना अंगण वाकडं, असं मी हजारो मुलांना सुनावलं. आज पहिल्यांदा अंगण वाकडं होतं." माझ्यावर रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मी मान खाली घालून गाडीकडे चाललो होतो. पुढचा नंबर पुकारला गेला. शिष्येच्या उमेदवारांतली एक बाई उठली. सपाट बूट, डोक्याला रुमाल. तिने काळा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. ही होती.

आधी वाटलं, माझा डबा घेऊन आली आणि चुकून त्या रांगेत बसली. मी हाकही मारणार होतो. पण ती पांढऱ्या गाडीत बसली, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला. आरसा लावून घेताना तिने जरा मान तिरकी केली, तशी ती घरी केस विंचरताना करते.

खांब एकही पडला नाही. चढावर ती थांबली. गाडी जागच्या जागी थरथरली, आणि मग पुढे गेली, मागे केसभरही नाही. मी इतकी वर्षं लोकांना जे दाखवण्यासाठी घसा फोडला ते इतकं सुंदर मी कुणाचंच बघितलं नव्हतं. शिष्या माझ्या शेजारी उभी होती. तिने हळूच विचारलं, "सर, पाय दुखला का?" मी खाली बघितलं. बाईंच्या वेळी दाबून दाबून बुटाच्या टाचेने मातीत खड्डा केला होता. हिच्या वेळी पाय त्या खड्ड्यात होता, पण मी तो दाबला होता की नाही, मला सांगता येईना. गुडघा, डॉक्टर, टॉवेल, फरशीवरचा तो पाय, सगळं एकामागून एक डोक्यात उजळत गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मी.

ही कागद घेऊन माझ्याकडे आली. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं असतंत," ती म्हणाली.



तिने हात पुढे केला. मी किल्ली दिली. ती उलट्या बाजूच्या स्टिअरिंगमागे बसली, गिअरचा दांडा एकदा वरखाली करून बघितला. हे गिअर तुला कसे येतात, विचारलं. म्हणाली, "कॅशिअरला तुम्ही जे ओरडून सांगायचात, त्याला सोडून सगळ्या गल्लीला समजलं होतं." पहिला गिअर टाकला. आवाज न करता पडला. तो माझ्या हातून कधी आवाज न करता पडलेला नाही.

डोंगराचा रस्ता सुरू झाला तशी माझी वाईट अवस्था झाली. प्रत्येक वळणाला माझा पाय खाली जायचा. पुढे ट्रक दिसला की दोन्ही. खालचा गालिचा गोळा होऊन पुढे सरकला होता. मी तोंड मिटून बसलो होतो, पण ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"सीट मोठी आहे. पाय वर घ्या."

चढ होता. पुढे ट्रक थांबलेला, मागे बस. ती थांबली होती, एक हात छत्रीच्या मुठीवर. मी बूट काढले आणि त्या अमेरिकन सीटवर चक्क मांडी घातली. तिने मूठ सोडली. गाडी पुढे गेली. इतक्या वर्षांत रस्त्याच्या कडेची झाडं मी पहिल्यांदा बघितली.

इस्पितळाने ताईला डोळ्यांना धूळ लागू नये म्हणून पट्टीवरून लावायला भलामोठा काळा चष्मा दिला होता. छत तर उघडंच. वर हिने आपला रुमाल ताईच्या डोक्याला बांधला. मागच्या सीटवर ताई नटीसारखी बसली आणि म्हणाली, "भाऊजी, गाडी छान चालवता हो." तिला दिसत नव्हतं, आणि माझा आवाज ज्या बाजूने येत होता तिकडेच इतकी वर्षं चालक बसत आला आहे. ही हसली. मी सांगितलं, "ताई, तुमची बहीण चालवते आहे." ताईने सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तरीच धक्के बसले नाहीत."

शहरात शिरल्यावर चौकातल्या पोलिसाने मला सलाम केला. मांडी घालून बसलेल्या चालकालाही तो सलाम करतो. मी हिच्याकडे बोट दाखवलं.

२ एप्रिल

छताचा भाग अजून आलेला नाही. पाटी उतरवली. उतरवताना वाटलं होतं तितकं वाटलं नाही. शिष्येकडे संध्याकाळची बॅच घेतो. कॅशिअर तिथे आहे, मला बघून त्याने चष्मा पुसला, पण पळाला नाही. मुख्याध्यापिका बाईही आल्या आहेत आणि कुणाचंच ऐकत नाहीत. त्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक आहे. कालपर्यंत तो मी फक्त बाईंच्या वेळी दाबला.

मी तिथे चालत जातो. गाडी मोकळी नसते. सकाळी ही ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते, मग भाजी, मग दोघी तलावापर्यंत जाऊन येतात, सोबत शेजारीणबाईही, वाळलेले कपडे मांडीवर घेऊन घड्या घालत. एक दिवसही बंद पडलेली नाही. विक्रेता भेटला होता. मी त्याला सांगितलं, तुम्ही खोटं बोलला नव्हतात, गाडी खरंच रोज चालवण्याजोगी आहे.